गाठ एक, जिवाणू अनेक

मराठीत ‘घटसर्प’ हा एकच शब्द दोन वेगळ्या रोगांसाठी वापरला जातो. लहान मुलाच्या घशात करडा पडदा धरून त्याचा श्वास कोंडणारा डिप्थेरिया म्हणजे घटसर्प. पावसाळ्याच्या तोंडावर म्हशीचा गळा सुजवून एक-दोन दिवसांत तिचा जीव घेणारा रोग, तोही घटसर्पच. पहिला रोग कोरिनेबॅक्टेरियम कुळातल्या जिवाणूमुळे होतो, दुसरा पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे. या दोन जिवाणूंचे एकमेकांशी काही नाते नाही. दोन्ही रोगांवर लस आहे, पण एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. ज्यांनी नाव दिले त्यांनी सुजलेला गळा आणि घुसमट पाहिली, आणि जे दिसले त्याला नाव दिले. आत कोण आहे हे पाहण्याचे साधन तेव्हा कुणाकडेच नव्हते.

‘गाठ’ हा शब्द तर याहूनही ऐसपैस आहे. सुताची गाठ, कर्करोगाची गाठ, पायाला जखम झाली की जांघेत येणारी गाठ, आणि १८९६ साली मुंबईत शिरलेला ‘गाठीचा ताप’. मेंढपाळ मेंढीच्या जबड्याखाली हात घालतो आणि म्हणतो, गाठ आली. त्या गाठीत नेमका कोणता जिवाणू आहे, तो ओळखतात कसा आणि ओळखून काय साधते, हा या लेखाचा विषय आहे. मी पशुवैद्य नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात जिवाणूंच्या प्लेटा वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. मेंढ्यांविषयी जे शिकलो ते नंतर पुस्तकांतून, पशुवैद्यांकडून आणि मेंढपाळांकडून.

भात कापल्यावर येणारे पाहुणे

भात कापून झाला की घाटावरचे मेंढपाळ कोकणपट्टीत उतरू लागतात. पालघर, बोईसर, तारापूरच्या आसपास रिकाम्या झालेल्या खाचरांत वाघरी लावून रात्री मेंढरे बसवली जातात. लेंडी आणि मूत शेतात पडते. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. चार-दोन रात्रींनी वाडा पुढच्या शेतात जातो, आणि पाऊस जवळ आला की पुन्हा घाट चढू लागतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्राचा वाटा सुमारे २७ लाखांचा. दख्खनी ही इथली मुख्य जात. काळ्या जाड लोकरीची, अंगाने फार भरलेली नाही, पण चालायला कणखर.

अशा कळपात नीट पाहिले तर एखाद्या तरी मेंढीला गाठ दिसते. कानाखाली, जबड्याच्या कोनाशी, खांद्याच्या पुढे, मागच्या मांडीच्या पुढे कुशीत. लिंबाएवढी, कधी मोसंबीएवढी. मेंढी चरत असते, चालत असते, म्हणून कुणी फार मनावर घेत नाही. गाठ पिकली की तिच्यावरचे केस झडतात, कातडी पातळ होते आणि एक दिवस ती फुटते. कुणी तिच्यावर बिब्बा लावतो, कुणी तापल्या लोखंडाचा डाग देतो, कुणी कातरीच्या टोकाने फोडून पू पिळून काढतो आणि वर हळद दाबतो. पू तिथेच पडतो, वाघरीच्या आत.

एका वयस्क मेंढपाळ बाबांना मी विचारले होते, पू तपासायला पाठवू या का? ते म्हणाले, “न्या की. पर दादा, नाव कळून गाठ बसंल का?” प्रश्न सरळ आहे आणि त्याला उत्तरही सरळ द्यायला हवे. नाही, नाव कळून ती गाठ बसत नाही. पण पुढची गाठ कुणाला येणार, हे बऱ्याच अंशी त्या नावावर ठरते. ते कसे, हे समजायला गाठ म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल.

सगळ्या सुजा गळवे नसतात

शरीरातल्या पेशींमधून झिरपणारा द्रव, म्हणजे लसिका, बारीक वाहिन्यांतून वाहत जातो आणि वाटेत ठिकठिकाणच्या लसिका ग्रंथींतून गाळला जातो. तोंडाची, ओठांची जखम जबड्याखालच्या ग्रंथीत गाळली जाते. मानेची आणि पुढच्या पायाची खांद्यापुढच्या ग्रंथीत. मागच्या अंगाची कुशीतल्या ग्रंथीत. म्हणून गाठ कुठे आहे यावरून जिवाणू कुठून शिरला याचा अंदाज बांधता येतो. गाळणीत अडकलेला जिवाणू मेला नाही, तर गाळणीचेच गळू होते.

पण जबड्याखालची प्रत्येक सूज गळू नसते. कोकणच्या खाचरांत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाणथळ जागी गोगलगायींमार्फत पसरणारे पर्णकृमी, किंवा पोटात रक्त शोषणारे गोल कृमी वाढले की मेंढीच्या अंगातले रक्त आणि प्रथिने कमी होतात आणि जबड्याखाली पाणी उतरते. ही सूज मऊ असते, दोन्ही बाजूंना पसरते, बोटाने दाबली की खड्डा राहतो. मान खाली घालून दिवसभर चरल्यावर संध्याकाळी ती जास्त दिसते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला रंग फिका पडलेला असतो. तिथे सुरी लावून काही निघत नाही, जंताचे औषध लागते. गळू मात्र एका जागी, गोल, आधी टणक आणि मग मधोमध मऊ होत जाते. हा फरक अनुभवी मेंढपाळाला हाताने कळतो, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

प्रयोगशाळा लागते ती यापुढे.

खोटा क्षय

मेंढ्यांच्या लसिका ग्रंथींत गळवे करणाऱ्या जिवाणूंत जगभर पहिला मान एकाचा आहे: कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस. फ्रेंच पशुवैद्य एडमंड नोकार यांनी १८८८ मध्ये तो एका गाईच्या सुजलेल्या लसिकावाहिन्यांतून वेगळा केला. हंगेरीच्या प्राइस यांनी तसाच जिवाणू १८९१ मध्ये मेंढीच्या मूत्रपिंडातल्या गळवात पाहिला. बराच काळ त्याला ‘प्राइस-नोकार दंडाणू’ म्हणत. ‘कोरिने’ म्हणजे ग्रीकमध्ये गदा. सूक्ष्मदर्शकाखाली याची एक बाजू फुगीर दिसते म्हणून. ‘स्यूडोट्युबरक्युलोसिस’ म्हणजे खोटा क्षय. कापलेली गाठ क्षयाच्या गाठीसारखी दिसते, पण क्षयाचा जिवाणू तिच्यात नसतो.

कुळाने हा जिवाणू मुलांच्या घटसर्पाच्या जिवाणूचा चुलतभाऊ आहे. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या दोन घटसर्पांपैकी मेंढीच्या या गाठीचे नाते म्हशीच्या रोगाशी नाही, माणसाच्या रोगाशी आहे. बाहेरून पाहून हे कुणाच्याही ध्यानात येणार नाही.

‘खोटा क्षय’ हे आडनाव आणखी एका जिवाणूला मिळाले आहे: येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस. तो अगदी परका, पण आपल्या इतिहासाशी जोडलेला. काही हजार वर्षांपूर्वी त्याच्याच एका शाखेतून प्लेगचा जिवाणू निपजला. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी प्लेगच्या गाठीतून तो जिवाणू वेगळा केला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णाला प्लेग झाल्याचे ओळखले. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत त्यांनी तोच जिवाणू वाढवला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी मारलेल्या जिवाणूंची लस आधी स्वतःला टोचून घेतली. गाठीत कोण आहे हे दोन वर्षांपूर्वी ठरलेले नसते, तर लस कशाची करायची हाच प्रश्न उरला असता.

जनावरांच्या बाबतीत हा विचार आपल्याकडे त्याच्याही आधी सुरू झाला होता. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. डिसेंबर १८८९ मध्ये पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. जनावरांच्या रोगांचे जिवाणू शोधणे हे तिचे काम होते. दाट वस्तीच्या शहरात असे जिवाणू बाळगणे धोक्याचे म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. प्लेगच्या अभ्यासासाठी आलेले रॉबर्ट कोख १८९७ मध्ये या मुक्तेश्वरलाही जाऊन आले होते.

कांद्याच्या पाकळ्या

हा जिवाणू धडधाकट कातडीला फारसा भेदत नाही. त्याला फट लागते. बाभळीचा काटा, तुटकी तार, ओठात रुतलेले कुसळ, आणि सगळ्यांत सोयीची फट म्हणजे लोकर कातरताना लागलेली कातरी. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा हाताने कातरतात. कातडीवर दोन-चार ओरखडे येणे ठरलेलेच. एका मेंढीची पिकलेली गाठ कातरीखाली फुटली, की तीच कातर पुढच्या मेंढीच्या ओरखड्यावर जाते. फुफ्फुसात गळू असलेली मेंढी खोकते तेव्हाही शेजारणीच्या ताज्या जखमेवर जिवाणू पडू शकतात.

आत शिरल्यावर त्याच्याकडे दोन हत्यारे असतात. पहिले, फॉस्फोलायपेज-डी नावाचे विष. ते पेशींच्या पातळ आवरणातला एक स्निग्ध घटक तोडते. रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि जिवाणूला ग्रंथीपर्यंत वाट मिळते. दुसरे, त्याच्या अंगावरचा मेणचट थर. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, पण या मेणामुळे पचवू शकत नाहीत. उलट त्याच मरतात, आणि मेलेल्या पेशींचा पू साचतो.

शरीर हार मानत नाही. ते पुवाभोवती तंतूंची भिंत बांधते. भिंतीच्या कडेला काही जिवाणू उरतात, पुन्हा पू, पुन्हा नवी भिंत. जुनी गाठ आडवी कापली तर मेंढीत ती कापलेल्या कांद्यासारखी पाकळ्या-पाकळ्यांची दिसते. शेळीत पू बहुधा एकसारखा, मलमासारखा राहतो. ताजा असताना तो हिरवट पांढरा आणि मऊ, जुना झाला की सुक्या चक्क्यासारखा घट्ट. त्याला वास जवळजवळ नसतो. या भिंतींमुळेच इंजेक्शन उपयोगी पडत नाही. प्लेटेवर पेनिसिलिनने हा जिवाणू सहज मरतो. गाठीत औषध पोचतच नाही, कारण पुवाच्या गोळ्याला रक्तपुरवठा नाही.

कातडीखालची गाठ निदान दिसते तरी. हीच गळवे फुफ्फुसांत आणि छातीतल्या ग्रंथींत झाली तर बाहेर काही कळत नाही. मेंढी खाते-पिते आणि तरी वाळत जाते. खोड झाली म्हणून ती विकली जाते, आणि खरे कारण कत्तलखान्यात मांस तपासणाऱ्यालाच दिसते.

बाकीचे संशयित

पण ‘गाठ म्हणजे हाच’ असे धरून चालले तर आपण घटसर्प म्हणणाऱ्यांच्याच वाटेने गेलो. दुसरे दावेदार बरेच आहेत.

ट्रुपेरेला पायोजीनस हा जखमांत नेहमी आढळणारा पूकारी. त्याचा पू पातळसर, पिवळा-हिरवट आणि बहुधा दुर्गंधी असतो. फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हवा नसलेल्या जागी वाढतो, खुरांच्या सडण्यातही असतो, आणि त्याची घाण दुरून येते. ॲक्टिनोबॅसिलस लिग्निएरेसी तोंडातल्या कुसळाच्या जखमेतून ओठ, गाल, जबड्याकडे जातो. त्याच्या पुवात वाळूसारखे बारीक कण लागतात. साधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस कातडीवर असतोच. म्हशींचा घटसर्प करणारा पाश्चुरेला मल्टोसिडाही मेंढीच्या गळवात कधी कधी सापडतो.

आणि एक फसवा गडी आहे: स्टॅफिलोकॉकस ऑरियसचीच ‘अनएरोबियस’ ही उपजात. फ्रान्समध्ये मोरेल यांनी १९११ मध्ये वर्णन केलेला ‘मोरेलचा रोग’ तो हाच. कोवळ्या मेंढ्यांत, मुख्यतः डोक्या-मानेजवळच्या ग्रंथींलगत, तो हुबेहूब खोट्या क्षयासारखी गळवे करतो. फरक काळाचा. मोरेलच्या रोगाची गाठ संसर्गानंतर तीनेक आठवड्यांत दिसते, तर खोट्या क्षयाला बहुधा महिना ते तीन-चार महिने लागतात. शेवटी खरा क्षयही यादीत ठेवावा लागतो. मेंढ्यांत तो विरळ आहे, पण माणसाच्या दृष्टीने तो सुटून चालणार नाही.

बंद गाठीचा पू

सगळ्यांत जास्त नमुने वाया जातात ते इथे. गाठ फुटून वाहू लागली, माश्या बसल्या, लेंडी लागली, की मग कुणाला तरी तपासणीची आठवण होते. अशा जखमेवर बोळा फिरवून पाठवला तर प्लेटेवर मातीतले, शेणातले, कातडीवरचे दहा जिवाणू भराभर वाढतात. आपला गदाधारी सावकाश वाढणारा. तो त्यांच्या गर्दीत दिसतही नाही. मग अहवालावर जे नाव येते ते जखमेवर नंतर बसलेल्याचे असते, गाठ करणाऱ्याचे नसते.

म्हणून नमुना न फुटलेल्या गाठीतून घ्यायचा, आणि तो पशुवैद्याने किंवा त्याच्या देखरेखीखाली. केस कापायचे, स्पिरिट आणि आयोडीन लावून कातडी वाळू द्यायची. सुई जाड हवी, कारण हा पू बारीक सुईतून येत नाही. पू फार सुका असेल आणि गाठ उघडावीच लागली, तर मधला गोळा सोडून भिंतीचा आतला पापुद्रा खरवडून घ्यायचा. जिवंत जिवाणू कडेला जास्त असतात. मध्ये उरतो तो बहुतांशी मेलेल्या पेशींचा ढीग. नमुना स्वच्छ बंद नळीत, मेंढीची खूण आणि गाठीची जागा लिहून, बर्फाच्या डब्यात ठेवायचा. गोठवायचा नाही.

बोईसरहून हा डबा कुठे न्यायचा? पहिली पायरी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. जिवाणू वाढवून पाहण्यासाठी मात्र मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्यात औंधची पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा. परळ बोईसरपासून शंभरेक किलोमीटर, म्हणजे सकाळच्या गाडीने डबा दुपारच्या आत पोचतो. अडचण अंतराची कमी आणि वाड्याची जास्त आहे. अहवाल येईपर्यंत वाडा दुसऱ्या गावच्या शिवारात गेलेला असतो.

प्लेटेवरचे प्रश्न

प्रयोगशाळेत पहिला प्रश्न रंगाचा. डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्राम यांची १८८४ ची रीत आजही तीच आहे. काचपट्टीवर पू पसरून जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे, शेवटी लाल रंग. जांभळे राहिले ते ग्राम-धन, लाल झाले ते ग्राम-ऋण. लाल दांड्या दिसल्या तर ॲक्टिनोबॅसिलस, पाश्चुरेला किंवा फ्युझोबॅक्टेरियमकडे वळायचे. जांभळे गोल द्राक्षांच्या घोसासारखे दिसले तर स्टॅफिलोकॉकस. जांभळ्या आखूड दांड्या, काही गदेसारख्या, काही एकमेकींना कोन करून चिनी अक्षरांसारख्या पडलेल्या असतील, तर कोरिनेबॅक्टेरियमचा संशय. दुसरी काचपट्टी क्षयाच्या खास रंगासाठी राखायची.

दुसरा प्रश्न वाढीचा. जेलीसारख्या अगारमध्ये रक्त मिसळलेल्या प्लेटेवर पू रेघून ३७ अंशांवर ठेवतात. हे रक्त बहुतेक वेळा मेंढीचेच असते. चोवीस तासांनी ठिपके टाचणीच्या टोकाएवढे, अठ्ठेचाळीस तासांनी पांढरे, कोरडे, आणि भोवती रक्त विरघळल्याचे अरुंद फिके वलय. घाईने पहिल्याच दिवशी ‘वाढ नाही’ म्हणून प्लेट टाकली तर निदान गेले. तारेच्या टोकाने ठिपका ढकलला तर तो न मोडता अगारवरून सरकतो. अंगावरच्या त्या मेणामुळे. पांढऱ्या पेशींना न पचणारे मेण इथे आपल्याला ओळख देते.

एक प्लेट साध्या हवेत आणि एक ऑक्सिजन कमी असलेल्या बरणीत ठेवणे आवश्यक आहे. मोरेलचा जिवाणू पहिल्या वाढीला साध्या हवेत उगवत नाही. पुवात जांभळे घोस दिसतात आणि प्लेट कोरी राहते. अशा वेळी कोरी प्लेट हीच खूण मानून पुढे शोधायचे असते.

तिसरा प्रश्न बुडबुड्यांचा. ठिपक्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले आणि फेस आला तर कॅटलेज आहे. ट्रुपेरेलाही जांभळी आखूड दांडी, त्याचेही ठिपके बारीक, त्याचेही वलय. पण त्याला फेस येत नाही, कोरिनेबॅक्टेरियमला येतो. मोरेलचा जिवाणूही इथेच साध्या स्टॅफिलोकॉकसपासून वेगळा पडतो, त्याला फेस नाही. मात्र ठिपका उचलताना खालचे रक्त खरवडले जाऊ नये. तांबड्या पेशींतही कॅटलेज असते आणि फेस त्यांचाच येतो.

यानंतर युरिया तोडतो का, तोडला की माध्यम गुलाबी होते. आणि मग सगळ्यांत देखणी चाचणी. एका प्लेटेवर स्टॅफिलोकॉकसची रेघ ओढायची, तिला काटकोनात पण न शिवता आपल्या जिवाणूची. साधारणपणे स्टॅफिलोकॉकसच्या रेघेभोवती रक्त विरघळल्याचा पट्टा असतो. आपला जिवाणू जवळ येतो तिथे हा पट्टा खुंटतो आणि पाचरीसारखा भाग न विरघळलेला राहतो. ऱ्होडोकॉकस इक्वाय या जिवाणूच्या रेघेजवळ उलट घडते, विरघळणे वाढते. दोन्हींना कारण तेच फॉस्फोलायपेज-डी. ज्या हत्याराने तो मेंढीच्या अंगात वाट काढतो, त्याच हत्याराचा वार प्लेटेवर दिसतो. आता पीसीआरने या विषाचे जनुक आणि जातीची खूण असलेली जनुके काही तासांत शोधता येतात. रक्तातली प्रतिद्रव्येही पाहता येतात, पण त्यांवरून मेंढीचा जिवाणूशी कधीतरी संबंध आला एवढेच कळते. समोरची गाठ त्याचीच हे सिद्ध होत नाही.

सापडला म्हणजे कारण झाला का?

कोख यांनी घालून दिलेली शिस्त इथे उपयोगी पडते. जिवाणू रोगाच्या जागी सापडला पाहिजे, शुद्ध वेगळा करता आला पाहिजे, त्याने तोच रोग पुन्हा झाला पाहिजे, आणि तिथून तो पुन्हा मिळाला पाहिजे. मेंढपाळाच्या मेंढीवर असा प्रयोग कुणी करत नाही. पण एक व्यवहारी कसोटी लावता येते. बंद गाठ, पुवाच्या काचपट्टीत दिसलेला आकार, प्लेटेवर एकट्यानेच वाढलेला जिवाणू, आणि तेच नाव कळपातल्या दोन-तीन वेगळ्या मेंढ्यांत. एका मेंढीचा अहवाल हा एक साक्षीदार झाला. निदान कळपाचे करायचे असते.

अहवालाच्या तळाशी कोणत्या औषधाने जिवाणू मरतो याची यादी असते, आणि ती हातात पडली की इंजेक्शन आणण्याचा मोह होतो. ट्रुपेरेलाच्या ताज्या जखमेत किंवा ॲक्टिनोबॅसिलसमध्ये ते कामाचे असेलही, ते पशुवैद्य ठरवील. खोट्या क्षयाच्या जुन्या गाठीत मात्र ती यादी प्लेटेपुरती खरी असते.

नाव कळल्यावर

तर बाबांच्या प्रश्नाकडे. नाव खोटा क्षय निघाले तर बदलते ते असे.

गाठ वाघरीत फोडायची नाही. सावलीतल्या, लेंडी मिसळलेल्या मातीत हा जिवाणू कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणजे आज सांडलेल्या पुवावर उद्या याच मेंढ्या आणि काही दिवसांनी दुसरा कळपही बसू शकतो. गाठ पिकल्यावर कळपापासून दूर, हातमोजे घालून, पशुवैद्याकडून उघडून घ्यायची. पू जुन्या कापडात किंवा कागदात गोळा करून जाळायचा. पोकळी आयोडीनने धुवायची आणि जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, ती मेंढी वेगळी बांधायची.

लोकर कातरताना क्रम बदलायचा. आधी कोकरे आणि तरण्या मेंढ्या, मग बिनगाठीच्या मोठ्या, शेवटी गाठवाल्या. दर मेंढीनंतर कातर जंतुनाशकात बुडवायची, आणि ओली जखम असताना मेंढ्या दाटीने कोंडायच्या नाहीत. याला पैसा फारसा लागत नाही. पुन्हा पुन्हा गाठी येणारी मेंढी कळपात ठेवायची नाही, आणि विकत घेताना जबडा, खांदा, कूस चाचपून घ्यायची. ऑस्ट्रेलियात १९८३ पासून या रोगावर लस वापरतात. तीही आलेली गाठ बसवत नाही, नव्या गाठी कमी करते.

माणसालाही हा जिवाणू क्वचित लागतो. मेंढ्या कातरणारे, कसाई, पशुवैद्य यांच्या काखेतल्या किंवा जांघेतल्या ग्रंथी महिनोन्महिने सुजून राहिल्याच्या नोंदी आहेत. असा माणूस डॉक्टरकडे गेला तर गाठ म्हटल्यावर पहिला संशय क्षयाचा येणार. त्याने मेंढ्यांचे काम करतो एवढे सांगितले, तरी तपासणीची दिशा बदलू शकते. उघड्या हाताने पू पिळणे आणि गाठ असलेल्या जनावराचे कच्चे दूध पिणे, दोन्ही टाळावे.

आणि नाव दुसरे निघाले तर? ॲक्टिनोबॅसिलस निघाला तर कुसळी गवताचा पट्टा टाळायचा. मोरेलचा निघाला तर तीन-चार आठवड्यांपूर्वी कळपात कोण नवे आले ते आठवायचे. खोट्या क्षयासाठी तोच हिशोब तीन-चार महिने मागे, म्हणजे बहुधा मागच्या कातरणीपर्यंत न्यावा लागतो. ट्रुपेरेला निघाला तर काटा, तार, अस्वच्छ सुई यांपैकी जखम कशाने होते ते शोधायचे. क्षय निघाला तर गोष्ट मेंढपाळापुरती राहत नाही, पशुसंवर्धन आणि आरोग्य दोन्ही खात्यांना कळवावे लागते. पाच नावे, पाच वेगळी कामे, आणि बाहेरून गाठ एकच.

यंदाही भात कापून होईल आणि खाचरांत वाघरी लागतील. ज्या शेतकऱ्याच्या शेतात मेंढरे बसतात त्याने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता वाड्याला सांगितला आणि अहवालासाठी आपला फोन नंबर दिला, तर वाडा पुढे गेला तरी निरोप त्याच्यामागे जाऊ शकतो. बाबांच्या त्या मेंढीची गाठ मात्र मला तपासता आली नाही. ती आधीच फुटली होती.